पगार वाढला, हुद्दा तोच राहिला

विश्रामबागेतून लिहिणाऱ्या भगिनीस,

पुण्याच्या सॉफ्टवेअर कंपनीत नऊ वर्षे झाली, काम सांगलीतल्या घरूनच चालते, आणि जिला तुम्ही हाताला धरून शिकवले ती मुलगी यंदाच्या अप्रेझलमध्ये, म्हणजे कामाच्या मूल्यमापनात, ‘लीड’ (गटप्रमुख) झाली. तुम्ही मात्र ‘सीनियर इंजिनिअर’च राहिलात. पगारवाढ चांगली मिळाली, म्हणून निवृत्त शिक्षक असलेले तुमचे वडील म्हणतात, ‘पैसे वाढले ना, मग नावाचे काय घेऊन बसलीस?’ आणि एवढ्याशा गोष्टीने खट्टू झाल्याची तुम्हाला स्वतःचीच लाज वाटते.

ती वाटू देऊ नका. आपल्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा निघतो तेव्हा व्यापारी हळकुंड मोडून आतला रंग पाहतो आणि मग भाव बोलतो. तुमच्या कामाला ती सोय नाही. नऊ वर्षे लिहिलेला कोड कंपनीच्या मालकीचा असल्याने तो दुसरीकडच्या मुलाखतीत उघडून दाखवता येत नाही. उरते ते अनुभवपत्रावरचे पद, आणि नवी कंपनी तुम्हाला कोणत्या पायरीवर घ्यायचे हे पुष्कळदा त्यावरूनच ठरवते. शिवाय मोठ्या कंपन्यांत बहुधा प्रत्येक पायरीच्या पगाराला वरची मर्यादा असते, त्यामुळे त्याच हुद्द्यावरची पगारवाढ कधीतरी आटतेच. वडिलांचा अनुभव निराळा आहे. राज्यातल्या शिक्षकांना 12 वर्षांनी वरिष्ठ आणि 24 वर्षांनी निवड वेतनश्रेणीची तरतूद असते (त्यासाठी किती खेटे घालावे लागतात, हे तेही जाणत असतील). तुमच्याकडे अशी वर्षे मोजली जात नाहीत.

खरा सल मला पत्राच्या शेवटी दिसला. मध्यरात्री सर्व्हर बंद पडला, पहाटे साडेचारपर्यंत जागून तुम्ही तो सुरू केलात, आणि सकाळच्या मेलमध्ये ‘टीमने अडचण दूर केली’ एवढेच आले. पुण्यात समोर बसणाऱ्याचे जागरण त्याच्या डोळ्यांवर दिसते. तुमचे सांगलीहून कोणाला दिसणार? असे प्रसंग यापुढे तारखेसह लिहून ठेवा आणि त्याच आठवड्यात मॅनेजरला कळवा. पुढच्या अप्रेझलची वाट न पाहता त्यांना विचारा, की लीडसाठी लेखी निकष कोणते आणि त्यांत मी कोठे कमी पडते. उत्तर गोलमोल आले तर बाहेर मुलाखती द्या, पण तेथे नुसत्या नावाला भुलू नका. वीस माणसांच्या कंपनीतला लीड मोठ्या कंपनीत साधा सीनियर ठरू शकतो, म्हणून ग्रेड, म्हणजे त्या कंपनीतली पायरी, विचारा.

आणि त्या मुलीलाही एकदा फोन करून विचारा, की तिने स्वतःच्या कामाची मांडणी कशी केली होती. तुम्हीच शिकवलेली आहे, सांगेल.