वडिलांची पद्मिनी मेळाव्याला ट्रेलरवर न्यावी की चालवत?

प्रश्न थोडक्यात असा: वडिलांची 1986 ची प्रीमियर पद्मिनी पुण्यात आहे, चालू आहे, पण शहराबाहेर कधी काढलेली नाही. जुन्या गाड्यांच्या क्लबच्या वार्षिक राष्ट्रीय मेळाव्याला पहिल्यांदाच जायचंय. गाडी ट्रेलरवर न्यावी की चालवत? आणि मेळाव्यानंतरच्या सामूहिक सफरीत उतरावं का?

चालवत न्या. ट्रेलरला जे पैसे मोजणार आहात त्यातले थोडे पेट्रोलच्या नळ्यांवर घाला, उरलेले खिशात ठेवा.

मी सोलापूरचा. माझी पद्मिनी 1984 ची, तीही वडिलांचीच. आतापर्यंत तीन मेळावे केले. पहिल्याला नुसता हात हलवत बघायला गेलो. दुसऱ्याला गाडी ट्रेलरवर घालून नेली. तिसरा, गेल्या फेब्रुवारीतला, आमच्या गावातच झाला आणि पुढची दोन दिवसांची विजापूर–बदामी सफर मी स्टेअरिंगवर बसून केली. म्हणजे तुमच्या डोक्यात जे जे पर्याय असतील ते सगळे माझे करून झालेत.

ट्रेलरवाल्या मेळाव्याचं सांगायचं तर, मी दिवसभर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून गाडी पुसत होतो. येणारे-जाणारे दोनच प्रश्न विचारायचे, ‘किती देते?’ आणि ‘विकायची का?’ दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या गाड्या एकामागोमाग एक फाटकाबाहेर पडल्या तेव्हा मी ट्रेलरवाल्याशी भाड्यावरून हुज्जत घालत उभा. ठरलेल्या रकमेत उतरवणं धरलेलं नव्हतं म्हणे! गाडी चकाचक होती, एक ओरखडा नाही, आणि मला मात्र एखाद्या लग्नात नुसतं आहेर देऊन न जेवता परतल्यासारखं वाटत होतं.

मेळाव्याचा पहिला दिवस साधारण सगळीकडे सारखाच असतो. नोंदणी, गाडीवर चिकटवायचा नंबर, चहा, मग परीक्षण. परीक्षक मंडळी बॉनेट उघडतात, मॅट उचलून तळाचा पत्रा बघतात, इंजिन नंबर आरसी बुकाशी ताडतात. ‘मूळ स्थिती’ हा त्यांचा आवडता शब्द. माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर वडिलांनी नवी असतानाच सोलापुरी चादर घातलेली, मोरांच्या नक्षीची. ती कधी निघालीच नाही, फाटली की तशीच दुसरी. परीक्षकांनी चादर उचलली, खालचं रेक्झिन बघितलं, रेक्झिन नव्यासारखं निघालं म्हणून खूश झाले आणि वर चादर ‘मूळ नाही’ म्हणून दोन गुण कापले! अहो, जिच्यामुळे रेक्झिन टिकलं तिचेच गुण कापता? असो. बक्षिसाच्या आशेने जाऊ नका एवढंच. ती ज्यांना मिळायची त्यांनाच मिळतात, आणि त्यांच्या गाड्या बहुतेक ट्रेलरवरून आलेल्या असतात.

पण आमच्या गावचा मेळावा म्हणून एक गोष्ट मी भाषणात घुसवलीच. ज्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली ते वालचंद हिराचंद सोलापुरात जन्मले, 1882 साली. कंपनी 1944 ची, कारखाना मुंबईत कुर्ल्याला. त्याआधी माणसाने रेल्वेची कंत्राटं घेतली, जहाज कंपनी चालवली, बंगळूरला विमानाचा कारखाना उभा केला. 1953 मध्ये ते गेले. पद्मिनी हे नाव त्यानंतर वीसेक वर्षांनी आलं, त्यामुळे त्यांनी ते कधी ऐकलंही नाही. आधी फियाट 1100, मग 1964 ची डिलाइट, मग काही काळ प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी. चार सिलिंडरचं 1089 सीसी इंजिन तेच. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीतून आपल्या सगळ्यांच्या मांड्या ज्या सीटला चिकटल्या ती हीच गाडी. तिथली शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली.

तर सफरीच्या दिवशी पहाटे ताफा थोडा वळसा घालून अशोक चौकातून, वालचंदांच्या नावाच्या कॉलेजसमोरून नेला. पासष्टेक गाड्या. सगळ्यात पुढे बेळगावच्या एका काकांची 1950 च्या दशकातली फियाट, जिला आपल्याकडे ‘डुक्कर फियाट’ म्हणतात ती. नाक बघितलं की नाव कळतं. मागे पद्मिन्या, अँबॅसडर, दोन कॉन्टेसा, एक हेरल्ड आणि लाल रंगाची एक मारुती 800, जिला काही जुनी खोडं अजून ‘कालची पोर’ म्हणतात. चौकात चहाच्या गाड्यावरचा पोरगा हातातली किटली तशीच धरून बघत राहिला. ‘काय बे, पिक्चरचं शूटिंग हाय का?’

ताफ्यात चालवण्याचे नियम तुम्हाला निघताना सांगतील, पण त्या वेळी कोणी लक्ष देत नाही, म्हणून इथेच सांगतो. सगळ्यात हळू गाडी पुढे ठेवतात आणि वेग तिच्यावर ठरतो. आमचा पन्नास-पंचावन्न होता. पुढच्याला गाठायची घाई करायची नाही. तुमची जबाबदारी मागच्या गाडीची. वळणावर ती आरशात दिसली नाही तर तिथेच बाजूला घेऊन थांबायचं, म्हणजे पुढचाही तुमच्यासाठी थांबतो आणि निरोप आपोआप पुढपर्यंत जातो. फोनची रेंज नसली तरी अडत नाही. दिवसा चारी इंडिकेटर लावून चालवू नका, वळायचंय की नाही ते कोणालाच कळत नाही. आणि शेवटी एक मिस्त्रींची गाडी असते. आमच्याकडे तिला ‘झाडू’ म्हणतात, कारण ती मागे पडलेलं सगळं गोळा करत येते.

विजापूर सोलापूरपासून शंभरेक किलोमीटर. तेरामैल, टाकळीजवळ भीमेचा पूल, पलीकडे कर्नाटक, झळकीला चहा. सकाळच्या गारव्यात गाडी अशी पळाली की मला वाटलं उगाच घाबरत होतो. गोलघुमट बघितला. इमारत 1656 ची, आत एक खांब नाही. एवढ्या मोठ्या घुमटाखालच्या गोल सज्जात उभं राहून आमच्यातला एक जण चर्चा करत होता ती कार्बुरेटरच्या जेटची, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाची, आणि त्याची कुजबुज पलीकडच्या भिंतीशी उभ्या शाळेच्या पोरांना स्पष्ट ऐकू जात होती.

दुपारी जेवून बदामीकडे निघालो. गाडी तासभर उन्हात उभी होती. विजापूर सोडून पंधरा-वीस किलोमीटर झाले असतील, गाडीने दोन आचके दिले आणि गप्प झाली. सेल्फ मारला, इंजिन फिरतंय पण धरत नाही. माझ्या डिकीत अर्धं दुकान होतं: पॉइंट, कंडेन्सर, रोटर, प्लग, फॅन बेल्ट. ठिणगीचाच दोष धरून मी घाम पुसत पॉइंटकडे वळलो. मी बाजूला घेतलेलं बघून बेळगावचे काका डुक्कर फियाट वळवून परत आले. खाली उतरले, बॉनेटमध्ये वाकले, पेट्रोल पंपाला बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं.

‘पॉइंट-बिइंट सोडा. पेट्रोल उकळायलंय की तुमचं.’

पद्मिनीचा पेट्रोल पंप इंजिनच्या अंगालाच बसवलेला असतो, आणि त्याचा पडदा खाली-वर होऊन टाकीतलं पेट्रोल ओढतो. गाडी तापून उभी राहिली की इंजिनची धग पंपात उतरते, आतलं पेट्रोल वाफ होतं आणि पंप नुसती वाफ दाबत बसतो. याला व्हेपर लॉक म्हणतात. काकांनी विचारलं, ‘ओला करायला कापड?’ माझ्या सीटवर स्वागताच्या पिशवीतला टॉवेल पडला होता.

इथे एक सांगायला हवं. मेळावा आमच्या गावचा, म्हणून पाहुण्यांच्या स्वागताच्या पिशवीत काय द्यायचं यावर आम्ही दोन बैठका भांडलो होतो. मी चादरीच्या बाजूने, हिशेब बघणारे टॉवेलच्या बाजूने. शेवटी शेंगाचटणीचं पाकीट आणि टॉवेल ठरला, आणि मी महिनाभर धुसफुसत होतो. तोच टॉवेल काकांनी बाटलीभर पाण्यात भिजवला, घडी केली आणि पंपावर पोटीस बांधावं तसा गुंडाळला. चर्रर् झालं. पाच मिनिटांनी परत पाणी शिंपडलं. दहाव्या मिनिटाला गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली. सोलापुरी टॉवेल पाणी धरून ठेवतो हे आम्ही गिऱ्हाइकांना पिढ्यान्पिढ्या सांगत आलोय. ते बॉनेटखाली कामाला येईल हे मला बेळगावच्या माणसाने शिकवलं. तो टॉवेल बदामीपर्यंत पंपावरच होता. कोल्हारच्या लांबलचक पुलापलीकडे थांबून आम्ही मडक्यातलं दही खाल्लं तेव्हा काकांनी तो पुन्हा भिजवला.

तर आता तुमच्या गाडीचं. शहरात फिरते म्हणजे ती लांबच्या पल्ल्याला तयार आहे असं नाही.

पहिलं काम पेट्रोलची लाइन. आजच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि आपल्या गाड्यांचं रबर त्याच्यासाठी बनलेलं नव्हतं. नळ्या फुगतात, मऊ पडतात, आतून कण सुटून जेटमध्ये अडकतात. पंपाचा पडदाही तसाच. नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घ्या, पडदा बदला, मध्ये एक फिल्टर टाका. गाडी महिनोन्‌महिने उभी असेल तर टाकी रिकामी करून आत गंज आहे का ते बघा. इथेनॉल पाणी ओढून घेतं, ते तळाशी साचतं.

मग रेडिएटर. साफ करून घ्या, होज म्हणजे पाण्याची रबरी नळी दाबून बघा. कडक लागला किंवा चिरा दिसल्या की बदला. ब्रेक चारही चाकांना ड्रमचे आहेत, म्हणजे उतारावर सतत दाबून धरले की तापतात आणि पकड सुटते. गिअर खाली घेऊन उतरा. टायर किती झिजलाय यापेक्षा किती जुना आहे ते बघा. बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. माझ्या स्टेपनीवर नव्या टायरचे रबरी काटे शाबूत होते आणि वय चौदा वर्षं!

कागदं: पंधरा वर्षांनंतर आरसीचं नूतनीकरण पाच-पाच वर्षांचं असतं, तारीख बघून घ्या. पीयूसी, विमा. 2021 च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी होते, पण ती पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना. तुमच्या 86 च्या गाडीला अजून अवकाश आहे, आणि ती नोंदणी झाली की गाडी रोज वापरता येत नाही, तेव्हा घाईही करू नका. फास्टॅग काचेवरच चिकटवा. आमच्यातल्या एकाने मूळ काच खराब होईल म्हणून तो हातात धरून दाखवला. टोलवर मशीनने वाचला नाही, मागे चाळीस गाड्या, आणि त्यातल्या निम्म्या बंद करून परत सुरू करायला लागल्या.

एकूण खर्च विचाराल तर मला दोन दिवसांचं राहणं-जेवण, नोंदणी आणि पेट्रोल धरून आठ हजारांच्या आत बसला. गाडीने लिटरला अकरा-बारा दिले. आदल्या मेळाव्यात नुसत्या ट्रेलरचे याहून जास्त गेले होते.

यंदाचा मेळावा कुठेही असो, त्याआधी एकदा पुण्याहून सोलापूरला येऊन जा. अडीचशे किलोमीटर, घाट नाही, आणि भिगवण, इंदापूर, टेंभुर्णी, मोहोळ अशी थोड्या-थोड्या अंतरावर गावं आहेत, म्हणजे अडलात तरी मिस्त्री सापडेल. पहाटे सहाला निघा, दर तासाभराने थांबा आणि तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेवा. दहा-साडेदहाला मोहोळ येईल. दुपारचं ऊन उतरेपर्यंत सोलापुरात थांबा, सात रस्ता चौकाजवळ आमचे मिस्त्री आहेत, ते पंपावर हात ठेवून सांगतील पुढे जायचं की नाही ते. त्यांना फक्त ‘मालक, पेट्रोल उकळतंय का बघा’ एवढं म्हणा. गेल्या फेब्रुवारीपासून आमच्या गावात हे वाक्य सगळ्यांना कळतं.