‘नंतरची मंजुरी’ आणि हरवलेली पावती

गाडीत व्हीलचेअरसाठी बदल करून घेतला, अपघात झाला, विमा कंपनीने ‘बेकायदा फेरफार’ म्हणून दावा फेटाळला. या चालीवरची पत्रं मला नेहमी येतात. कधी हाताने ब्रेक लावायची सोय केलेली मोटार असते, कधी मागे दोन जादा चाकं लावलेली स्कूटर. या वेळी कॅम्पर व्हॅन आहे, एवढाच फरक.

ताई, तुमचं पत्र पाच पानी आहे. मणक्याच्या दुखापतीनंतर यजमानांना हॉटेलांत राहणं जमेना: कुठे पायऱ्या, कुठे न्हाणीघराचं दार अरुंद. म्हणून जुनी कॅम्पर व्हॅन घेतलीत, मधल्या सीट काढून मागे लिफ्ट बसवली, खुर्ची बांधायला जमिनीत पट्टे लावले, दारं रुंद केली. 4 जूनला वर्कशॉपचं बिल झालं. 2 ऑगस्टला उभ्या असलेल्या तुमच्या गाडीला मागून ट्रकने धडक दिली. डिसेंबरात कंपनीचं नकाराचं पत्र आलं, ‘आरसीवर सात आसनं, गाडीत पाच, आणि मूळ रचनेत मंजुरीशिवाय बदल.’ त्यालाही आता सोळा महिने झाले. तुमचा प्रश्न असा: दिव्यांगांच्या हक्कांच्या कायद्याखाली कंपनीला कोर्टात खेचता येईल का?

खेचता येईल. पण त्या कायद्याने तुमचं काम होणार नाही. 2016 च्या कायद्याच्या कलम 41 मध्ये वाहनांत बदल करून देण्याचा उल्लेख आहे, तोही स्पष्ट शब्दांत. मात्र तिथे सरकारने योजना कराव्यात असं म्हटलंय, विमा कंपनीने दावा मंजूर करावा असं नाही. अर्जात त्याचा उल्लेख जरूर करू, वजन येतं. निकाल त्यावर लागणार नाही.

निकाल कशावर लागेल, ते तुम्ही तिसऱ्या पानावर जाता जाता लिहिलंय: ‘आरटीओचे कागद एजंटकडे दिले होते, पावती कुठेतरी असेल.’ पाच पानांत कामाचं वाक्य हे एकच, आणि नेमकं त्यातच ‘कुठेतरी’!

मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सर्वसाधारणपणे कडक आहे. उत्पादकाने दिलेल्या तपशिलांशी आरसीतला तपशील जुळणार नाही असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी 2019 मध्ये केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच ठासून सांगितलं, आणि कंपनीच्या वकिलाने नकाराच्या पत्रात तोच निकाल तुमच्या तोंडावर फेकलाय. पण त्याच वर्षी पुढे कायद्यात दुरुस्ती झाली. कलम 52 चं पोटकलम (2) नव्याने घातलं गेलं. त्याचा आशय असा की कोणीही स्वतःच्या मालकीची गाडी नोंदणी प्राधिकाऱ्याच्या नंतरच्या मंजुरीने ‘अनुकूलित वाहना’त बदलून घेऊ शकतो. अनुकूलित वाहन म्हणजे शारीरिक अपंगत्व असलेल्या व्यक्तीसाठी मुद्दाम बनवलेली किंवा बदलून घेतलेली, आणि फक्त अशा व्यक्तीकडून किंवा तिच्यासाठीच वापरली जाणारी गाडी.

‘नंतरच्या’ या एका शब्दावर तुमचा सगळा दावा उभा आहे. बाकी कोणी गाडीची रचना बदलली तर आधी परवानगी. दिव्यांग व्यक्तीसाठी बदलली तर आधी काम, मग मंजुरी. ‘पूर्वपरवानगी नव्हती, म्हणून बदल बेकायदा’ ही कंपनीची भूमिका दुरुस्तीनंतरच्या कायद्यापुढे टिकत नाही, असं माझं मत आहे.

आता दुसरी बाजू. पोटकलम (3) म्हणतं की मंजुरीशिवाय बदल केला असेल, तर बदल केल्यापासून 14 दिवसांत मालकाने आपल्या भागातल्या नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवायचं आणि शुल्क भरून आरसी नोंदीसाठी पाठवायची. मालकाने. वर्कशॉपने नाही, एजंटने नाही. वर्कशॉपवाला तुम्हाला म्हणाला, ‘ते नंतर बघू, आधी फिरून या.’ तुम्ही फिरून आलात. हा माणूस लिफ्ट चांगली बसवत असेल, पण कायद्यातला त्याचा सल्ला ऐकायचं काही कारण नव्हतं.

म्हणून मला फक्त एक तारीख हवी आहे. एजंटने आरटीओत अर्ज खरोखर दाखल केला का, आणि कधी? बिल 4 जूनचं, म्हणजे 18 जून ही कडेची तारीख. गाडी प्रत्यक्षात तुमच्या ताब्यात त्यानंतर काही दिवसांनी आली असेल, तर ताब्याची चिठ्ठीही जपा. बदल ‘पूर्ण’ कधी झाला यावर चार दिवस इकडेतिकडे ओढता येतात. अर्ज 18 जूनच्या आत गेला असेल, तर आरटीओने तपासणीला पुढची तारीख दिली, शिक्का पडायच्या आधी अपघात झाला, यात तुमचा दोष काय? कायद्याने जे मागितलं ते तुम्ही वेळेत केलं. अर्ज 18 जूननंतर पण 2 ऑगस्टच्या आत गेला असेल, तर उशीर झाला खरा, पण लपवाछपवी नव्हती, आणि तेवढ्याने संपूर्ण दावा बुडू नये. अर्ज गेलाच नसेल आणि एजंटने नुसते पैसे खिशात घातले असतील, तर मग आपण वेगळ्या जागी उभे आहोत. तिकडे नंतर येतो.

पावती सापडली की तिच्यावर अर्ज क्रमांक आहे का ते आधी बघा. क्रमांक असेल तर परिवहन खात्याच्या पोर्टलवर अर्जाची स्थिती दिसते. त्याची छापील प्रत काढा. पावती नाहीच सापडली, किंवा सापडली पण एजंटने कोऱ्या कागदावर ‘मिळाले’ असं लिहून दिलेली निघाली, तर आरटीओत माहितीच्या अधिकाराखाली अर्ज टाका. 10 रुपये फी, 30 दिवसांत उत्तर द्यायला ते बांधील. गाडीचा क्रमांक देऊन ‘या गाडीसंबंधी बदलाच्या नोंदीसाठी आलेले सर्व अर्ज, त्यांच्या दाखल तारखा आणि शुल्काच्या पावत्या यांच्या प्रमाणित प्रती’ एवढंच मागा. कारणं, तक्रारी, यजमानांची प्रकृती काही लिहू नका. लांब अर्जाला लांब उत्तर येतं आणि त्यात काही नसतं.

आता अर्ज गेलाच नव्हता असं धरू. तरीही दावा शून्य होत नाही, असं म्हणायला जागा आहे. 2010 च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की पॉलिसीच्या अटीचा भंग झाला तरी कंपनीला प्रत्येक वेळी दावा मुळासकट फेटाळता येणार नाही. ‘नॉन-स्टँडर्ड’ पद्धतीने, म्हणजे देय रकमेच्या 75 टक्क्यांपर्यंत, तो मिटवता येतो. ते प्रकरण खासगी गाडी भाड्याने वापरल्याचं होतं, फेरफाराचं नव्हतं. त्यामुळे ग्राहक आयोग ते तुमच्याकडे ओढून घेईल की नाही, याची खात्री मी देणार नाही. तुमच्या बाजूला एक भक्कम गोष्ट मात्र आहे: गाडी उभी होती आणि धडक मागून बसली. लिफ्ट नसती तरी ट्रक आलाच असता. बदलाचा अपघाताशी संबंध नाही, हे नुकसान मोजणाऱ्या सर्व्हेअरच्या अहवालात आलंय का ते बघायला हवं. अहवालाची प्रत कंपनीकडे लेखी मागा. फोनवर नव्हे.

लिफ्टची किंमत मिळेल अशी आशा मात्र फारशी धरू नका. गाडीबरोबर न आलेली विजेवर चालणारी साधनं पॉलिसीत वेगळी दाखवून त्यांचा जादा हप्ता भरावा लागतो. तुम्ही तो भरलेला नाही.

आणि आता ज्याने माझं डोकं फिरलं ते. इंडिया मोटर टॅरिफमध्ये, म्हणजे मोटार विम्याच्या दरांच्या आणि नियमांच्या पुस्तकात, आयएमटी 12 नावाची एक नोंद आहे. दिव्यांग व्यक्तीसाठी खास बनवलेल्या किंवा बदललेल्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात 50 टक्के सवलत, अट इतकीच की बदलाची नोंद आरसीवर झालेली असावी. म्हणजे वेळेत नोंद करून कंपनीला कळवलं असतं तर हप्ता कमी झाला असता, आणि ‘हा बदल आम्हाला माहीत नव्हता’ हे म्हणायची कंपनीची सोयच संपली असती. त्याऐवजी जूनअखेर पॉलिसीचं नूतनीकरण ऑनलाइन करताना ‘गाडीत काही बदल?’ या रकान्यात तुम्ही ‘नाही’ निवडलंत. कंपनीच्या हातातला सगळ्यात धारदार कागद आरसी नव्हे, तो आहे. ‘फॉर्म घाईत भरला’ असं तुम्ही लिहिलंय. आयोगासमोरही खरं तेच सांगा, दुसरी कहाणी रचू नका. वेळेत आरटीओला कळवलेला माणूस विमा कंपनीपासून मुद्दाम काही लपवत नव्हता, हा युक्तिवाद करता येतो. पण पुन्हा, त्यासाठी ती पावती हवी.

गाडी भाड्याने दिली होती का, असं कंपनी विचारेल. पत्रात तुम्ही लिहिलंय की दोनदा ओळखीच्या एका कुटुंबाला व्हॅन दिली, त्यांच्या घरातही व्हीलचेअर आहे. डिझेलचा खर्च त्यांनी केला, यापलीकडे पैसे घेतले नसतील तर चिंता नको. घेतले असतील तर मला आत्ताच सांगा, कारण खासगी वापराची कॅम्पर व्हॅन ही बिगर-परिवहन, म्हणजे धंद्यासाठी नसलेल्या, वाहनांत मोडते, आणि भाडं घेतलं की ते चित्र बदलतं. शिवाय ‘फक्त अशा व्यक्तीसाठी’ हे व्याख्येतले शब्द विसरू नका. अपघाताच्या वेळी चालकाच्या जागेवर तुम्ही होतात हेही बरंच झालं. यजमान असते तर त्यांच्या लायसन्सवर अनुकूलित वाहनाचा प्रकार आहे का, हा आणखी एक फाटा फुटला असता.

आरटीओकडे आता गेलो तर दंड होईल, या भीतीने तुम्ही तिकडे फिरकला नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम 182-अ खाली परवानगी नसलेल्या बदलाला प्रत्येकी 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे, हे खरं. पण ते कलम कायद्याने मनाई केलेल्या बदलासाठी आहे, आणि तुमचा बदल पोटकलम (2) मध्ये बसतो असंच आपण म्हणणार आहोत. उशिरा नोंद मागणाऱ्याला काही भुर्दंड पडेलही. गप्प बसण्याने तो टळत नाही.

गेले सोळा महिने तुम्ही ग्राहक सेवेला फोन केलेत, बत्तीस तक्रार क्रमांक जमवलेत. त्यातल्या एकानेही मुदतीचं घड्याळ थांबलेलं नाही. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 69 प्रमाणे दोन वर्षं मिळतात, आणि आपण ती नकाराच्या पत्रापासून मोजू. म्हणजे हातात आठ महिने आहेत. उशीर माफ करून घेता येतो, पण त्यावर विसंबून राहणारा पक्षकार मला नको. विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या विमा लोकपालाचा रस्ता स्वस्त आहे, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतचा निवाडा ते देऊ शकतात आणि तो कंपनीवर बंधनकारक असतो. मात्र त्याआधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज केलेला लागतो, आणि महिनाभर वाट पाहावी लागते. तो अर्ज तुम्ही अजून केलेला नाही. लोकपालाकडे जायची एका वर्षाची मुदत पहिल्या नकारापासूनच सुरू झाली, असं कंपनी म्हणेल. आपण म्हणू, लेखी अर्जावरच्या उत्तरापासून. नियमाची भाषा आपल्या बाजूची वाटते, तरी भरवसा फक्त त्यावर ठेवू नका. लोकपालाकडे नाही जमलं तर जिल्हा आयोग. कायदा म्हणतो तीन महिन्यांत निकाल. पहिले तीन महिने तर कंपनीच्या वकिलाला वकालतनामा सापडत नसतो.

व्हॅन अजून त्याच गॅरेजच्या आवारात उभी आहे, असं तुम्ही म्हणता. तिला कोणी हात लावायच्या आत तिचे फोटो काढून घ्या. मागच्या दाराचे, लिफ्टच्या बोल्टांचे, जमिनीतल्या पट्ट्यांचे, आणि धडक कुठे बसली त्याचे. त्या पट्ट्यांनी यजमानांची खुर्ची जागच्या जागी धरून ठेवली हे तुम्ही लिहिलंय. वर्कशॉपकडून त्या पट्ट्यांची आणि लिफ्टची कंपनी, मॉडेल, बसवण्याची पद्धत हे सगळं लेटरहेडवर लिहून घ्या. केंद्र सरकारने ठरवलेल्या अटींत बदल बसतो का, हे दाखवायची जबाबदारी आपल्यावर येणार आहे, आणि वर्कशॉपवाल्याला हे काम ‘नंतर बघू’ म्हणायची मुभा या वेळी देऊ नका.

त्याआधी एजंटला फोन करा. अर्ज क्रमांक विचारा, दुसरं काही बोलू नका. त्याने क्रमांक दिला तर त्याच दिवशी मला कळवा. टाळाटाळ केली तर दुसऱ्या दिवशी माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकून मग कळवा.