उबंटू २४.०४ जुनी असूनही २५.०४ पेक्षा जास्त का टिकते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की छोट्या सर्व्हरवर उबंटू (लिनक्सवरची एक ऑपरेटिंग सिस्टिम) २४.०४ टाकू की २५.०४, कारण २५.०४ नवीन आहे म्हणजे ती जास्त दिवस चालेल ना. हा घोळ जवळपास प्रत्येकाचा होतो, माझाही झालाय, म्हणून जरा लांबण लावतो.

गणित उलटं आहे. २५.०४ आली एप्रिल २०२५ ला आणि तिला सपोर्ट, म्हणजे दुरुस्त्या आणि सिक्युरिटी पॅच, फक्त नऊ महिने, म्हणजे जानेवारी २०२६ ला खेळ खलास. २४.०४ तिच्याआधी वर्षभर आलेली, पण ती एलटीएस, म्हणजे लाँग टर्म सपोर्टवाली, तिला पाच वर्षं, २०२९ पर्यंत. उबंटूच्या नंबरातच वर्ष आणि महिना असतो त्यामुळे ओळखायला सोपं आहे, सम वर्षाच्या एप्रिलमध्ये येते ती एलटीएस आणि दोन एलटीएसच्या मध्ये येतात त्या तिन्ही नऊ महिन्यांच्या पाहुण्या. आणि एक लक्षात ठेवा, मुदत रिलीजच्या तारखेपासून मोजतात, तुम्ही इन्स्टॉल केलं त्या दिवसापासून नाही. आज कोणी २२.०४ टाकली तर त्याला पुढची पाच वर्षं मिळत नाहीत, ती २०२७ लाच संपणार.

आता नऊ महिन्यांची म्हणजे कच्ची किंवा बीटा का, तर नाही. तीही पूर्ण टेस्ट होऊनच बाहेर पडते. फरक एवढाच की ती घेतली की दर सहा महिन्यांनी बिऱ्हाड हलवायची तयारी पाहिजे, पुढची रिलीज आली की हातात जेमतेम तीन महिने उरतात. घरच्या लॅपटॉपवर हौसेने करणाऱ्याला त्यात मजा येते, मी स्वतः करतो. पण सर्व्हर ही अशी वस्तू आहे की एकदा नीट चालला की त्याची आठवणच राहत नाही, आणि तिथेच गोची होते.

माझंच सांगतो. २०१९ च्या शेवटी एका ओळखीच्यांच्या मशीनवर मी १९.१० टाकून दिली, का तर नवीन आहे, बस. जुलै २०२० ला तिचा सपोर्ट संपला, मला पत्ताही नाही. काही महिन्यांनी त्यांचा फोन आला की काहीतरी इन्स्टॉल होत नाहीये, बघतो तर एपीटी (उबंटूचं पॅकेज आणणारं टूल) अपडेट मारलं की ओळीने ४०४, ४०४, ४०४, म्हणजे फाइल सापडत नाही. आधी वाटलं नेटचा प्रॉब्लेम, डीएनएस बघून झालं, प्रॉक्सी बघून झाली, अर्धा दिवस त्यात गेला. मग ट्यूब पेटली की मुदत संपलेल्या रिलीजची पॅकेजेस मुख्य सर्व्हरवरून उचलून ओल्ड-रिलीजेस नावाच्या वेगळ्या सर्व्हरवर ठेवतात. सोर्सेस लिस्टमधले (पॅकेज कुठून आणायची ती यादी) पत्ते तिकडे वळवले, मग अपडेट झालं, मग २०.०४ वर अपग्रेड. चूक शंभर टक्के माझी, तारीख आधीपासून जाहीर होती. पण ४०४ पेक्षा वाईट म्हणजे मधले सगळे महिने ते मशीन एकाही सिक्युरिटी पॅचशिवाय इंटरनेटवर उघडं होतं.

एलटीएस घेतल्यावर लोकांचा दुसरा गोंधळ सुरू होतो, "यात सगळं जुनंच आहे". व्हर्जन नंबर जुना दिसतो हे खरं. पण एलटीएसमध्ये नवीन फीचर सहसा देत नाहीत, फक्त दुरुस्ती मागे आणून जुन्याच व्हर्जनला ठिगळ लावतात, याला बॅकपोर्ट म्हणतात. जुलै २०२४ मध्ये ओपनएसएसएचमध्ये (सर्व्हरवर दुरून लॉगिन करायचं सॉफ्टवेअर) मोठं भोक सापडलं, मूळ प्रोजेक्टने ते ९.८ मध्ये बुजवलं. उबंटू २२.०४ वर मात्र नंबर ८.९ च राहिला आणि शेपटाला फक्त उबंटू०.१० लागलं, त्या शेपटातच दुरुस्ती होती. कित्येक सिक्युरिटी स्कॅनर नुसता ८.९ बघून बोंब मारतात, त्यामुळे घाबरायच्या आधी पूर्ण नंबर बघत जा, शेपटासकट.

बारीक अक्षरातलीही एक गोष्ट आहे. पाच वर्षांची हमी मेन रिपॉझिटरीतल्या, म्हणजे उबंटूच्या मुख्य साठ्यातल्या, पॅकेजेसना. युनिव्हर्स नावाच्या दुसऱ्या साठ्यातलं काही घेतलंत तर ते कम्युनिटीच्या भरवशावर, त्यालाही पक्के सिक्युरिटी पॅच हवे असतील तर उबंटू प्रो ही जास्तीची सेवा जोडायची, वैयक्तिक वापराला पाच मशीनपर्यंत फुकट आहे, आणि त्यात मुदतही दहा वर्षांपर्यंत जाते. तुमच्याकडे कुठलं काय आहे ते 'प्रो सिक्युरिटी-स्टेटस' कमांड सांगते.

नवीन हार्डवेअर असेल तरी लगेच २५.०४ कडे पळू नका. २४.०४ कर्नेल (हार्डवेअरशी बोलणारा सिस्टिमचा गाभा) ६.८ घेऊन आली, पण तिच्याच नंतरच्या २४.०४.३ मध्ये ६.१४ आहे. सर्व्हरवर बाय डिफॉल्ट ६.८ च राहतो, वायफाय किंवा लॅन कार्ड ओळखत नसेल तर एचडब्ल्यूई, म्हणजे नव्या हार्डवेअरसाठीचा, कर्नेल टाकायचा, काम होतं.

ओएस झालं, पण वर जे चालवणार त्याचं कॅलेंडर वेगळं, ते कोणी बघतच नाही. नोडचं (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं सॉफ्टवेअर) २३ सारखं विषम नंबरचं व्हर्जन सात-आठ महिन्यांत संपलं. सम नंबरची एलटीएस होतात, २२ सम, पण तेही पहिल्या दिवशी एलटीएस नव्हतं, एप्रिल २०२४ ला आलं आणि ऑक्टोबरमध्ये एलटीएस झालं, मुदत एप्रिल २०२७. डॉटनेटची (मायक्रोसॉफ्टचं प्रोग्रॅम चालवायचं व्यासपीठ) तर गंमतच, ८ एलटीएस आणि ९ शॉर्ट टर्म, पण २०२५ मध्ये शॉर्ट टर्मची मुदत दीड वर्षाची दोन वर्षं केली, त्यामुळे दोघं एकाच दिवशी संपतात, १० नोव्हेंबर २०२६. जावात १७, २१, २५ या एलटीएस, पण तिथे किती वर्षं पॅच मिळणार ते तुम्ही कुठल्या कंपनीने तयार केलेली जावा घेता त्यावर ठरतं.

आणि जाहीर तारीख म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे. सेंटओएस ८ या दुसऱ्या लिनक्सला २०२९ सांगितलं होतं, डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की २०२१ अखेर बंद. त्यामुळे मी कॅलेंडरमध्ये मुदतीच्या सहा महिने आधीचं रिमाइंडर लावतो आणि तेव्हा तारीख परत तपासतो.

तर तुम्ही २४.०४ टाका, आणि वर नोड चालवणार असाल तर नोड २२. २५.०४ आधीच टाकून बसला असाल तर २४.०४ वर मागे यायची सोय नाही, फॉरमॅट मारूनच यावं लागेल. डेटा कमी असेल तर तेच करा, नाहीतर २५.१० आणि तिथून २६.०४ असं एकेक पायरी चढत एलटीएस गाठायची. किती डेटा आहे ते लिहा, मग सांगतो काय सोपं पडेल.