वाचकांचे प्रश्न : तुटलेल्या टेंडनचा टाका किती ओढ सोसतो?

प्रश्न : ऊस तोडताना थोरल्या भावाच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटावर कोयता बसला आणि बोट वाकवणारी नस (टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) तुटली. ऑपरेशन झालं. 'चार पदरी टाका घातलाय' असं सांगितलं. दुसरे एक डॉक्टर म्हणतात, सहा पदरी घालायला हवा होता. मुकादमाची उचल घेतलेली आहे, तो पंधरा दिवसांत फडात बोलावतोय. टाका दमाचा असेल तर जायला काय हरकत?
— एक वाचक, गेवराई

उत्तर : मोठी हरकत आहे. टाका चांगलाच आहे, पण ऊस तोडायच्या जोरासाठी कोणताच टाका नसतो.

तुटलेल्या जागेवरून धागा जितक्या वेळा पलीकडे जातो तितके त्याचे पदर, आणि टाक्याचा दम मुख्यतः या आकड्यावर ठरतो. 'सुधारित केसलर' नावाचा दोन पदरी टाका साधारण 20 ते 30 न्यूटन ओढ सोसतो, चार पदरी 40 च्या पुढे जातो, सहा पदरी 60 च्या आसपास. एक किलो वजन टांगलं की जवळपास 10 न्यूटन ओढ बसते. आता बोटाचा हिशोब बघा. दुसऱ्या हातानं बोट हलकेच वाकवलं तर टेंडनवर 9 न्यूटनपर्यंत ओढ येते, भावानं स्वतः मोकळं वाकवलं तर 35 पर्यंत, आणि चिमटीत जोर लावला तर 120 पर्यंत. डाव्या मुठीत ऊस आवळून धरायचा म्हटलं तर सहा पदरी टाकासुद्धा पुरा पडत नाही.

त्यात पंधरावा दिवस तर फारच वाईट. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत टेंडनची टोकं मऊ पडतात, धागा तोच असला तरी त्याची पकड सैल होते. टाके तुटतात ते बहुतेक याच दिवसांत. हात नुसता बांधून ठेवला तर टेंडन आजूबाजूला चिकटतं, म्हणून तिसऱ्या ते पाचव्या दिवसापासून स्प्लिंटमध्येच (हाताला आधार देणाऱ्या कडक पट्टीतच), फिजिओथेरपिस्ट दाखवतील तेवढी हालचाल करायची. स्प्लिंट सहा आठवडे. आठव्या आठवड्यानंतर हलकी कामं, कोयता आणि मोळी बारा आठवड्यांच्या आत नाही. तोवर त्या हातानं पाण्याची कळशीसुद्धा उचलू देऊ नका. 'पट' असा आवाज येऊन बोट वाकायचं थांबलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

सहा पदरांचं म्हणाल तर तेही चुकीचं नाही. पण बोटातलं टेंडन अरुंद नळीतून सरकतं. धागा वाढला की जोड जाड होतो, नळीत अडतो, आणि बोट वाकवायलाच जास्त जोर लागतो. बोटासाठी आमची पसंती चार पदरांनाच.

प्रश्न : मी अस्थिरोग विभागात निवासी डॉक्टर आहे. शेळीच्या टेंडनवर सुधारित केसलर, क्रूसिएट आणि ॲडलेड या टाक्यांची तुलना करायची आहे. प्रत्येकाची कमाल ओढ मोजून तक्ता केला की पुरे का?
— एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : पुरे नाही. जोड तुटण्याच्या खूप आधी त्यात फट पडते, आणि रुग्णाचं नुकसान तिथंच होतं. 3 मिलिमीटरपेक्षा मोठी फट पडलेला जोड पुढच्या आठवड्यांत अपेक्षेइतकी ताकद धरत नाही. म्हणून प्रत्येक नमुन्याचे तीन रकाने ठेवा : 2 मिलिमीटर फट पडली तेव्हाची ओढ, कमाल ओढ, आणि शेवटी झालं काय — धागा तुटला, गाठ सुटली, की धागा टेंडन चिरत बाहेर आला. तिसरा रकाना बहुतेक जण भरत नाहीत. खरं तर पद्धतीचा दोष तिथंच कळतो. धागा तुटला असेल तर पकड चांगली होती, जाड धागा घ्या. चिरत बाहेर आला असेल तर धागा कितीही जाड घेऊन उपयोग नाही.

टेंडन त्याच दिवशीचं घ्या आणि सलाइनमध्ये भिजवलेल्या गॉजमध्ये ठेवा. सुकलेलं टेंडन ताठ होतं, आकडे फसवे येतात. नव्या ब्लेडनं एकाच घावात आडवं कापा. सगळीकडे एकच धागा वापरा, 3-0 जाडीचा, वेणीसारखा विणलेला पॉलिएस्टर ठीक. नायलॉन ताणतो, त्यामुळे फट लवकर दिसते आणि दोष टाक्याच्या माथी जातो. पॉलिइथिलीनचा धागा मजबूत, पण निसरडा. त्याच्या गाठीला फेऱ्या वाढवाव्या लागतात. कापापासून दोन्हीकडे 10 मिलिमीटर अंतर घ्या. 7 च्या आत आलात की पकड ढिली. ॲडलेडचे कोपऱ्यातले अडकवणारे फास 2 मिलिमीटरचे तरी हवेत. फार छोटा फास पुरेसे तंतू धरत नाही.

टोकं नुसती टेकवू नका, धागा ओढून जोड किंचित दाबला जाईल असं बांधा. चारही पदर सारखे ताणलेत का, हे बोटानं चाचपून बघा. एक पदर जास्त ताणलेला असेल तर सगळा भार त्याच्यावर येतो, मग ते एकेक करून तुटतात आणि चार पदरी टाका दोन पदरीसारखा वागतो. कडेनं 6-0 पॉलिप्रोपिलीनचा धावता टाका घातलेले आणि न घातलेले असे वेगळे गट करा. या बारीक टाक्यानं ताकद 10 ते 50 टक्के वाढते आणि फट उशिरा पडते.

ओढण्याचं यंत्र इंजिनिअरिंग कॉलेजात मिळेल, वेग मिनिटाला 20 मिलिमीटर ठेवा. पकडीतून टेंडन सटकतं, म्हणून टोकांना खरकागद गुंडाळा, आणि सटकलेला नमुना सरळ बाद करा. यंत्र नसेल तर खाली बादली टांगून तीत अर्धा-अर्धा लिटर पाणी ओता, बादलीचं वजन मिळवा, शेजारी व्हर्नियर धरून फट मोजा. कमाल ओढीसाठी हे ओबडधोबड आहे, फटीसाठी मात्र चालतं. जमलं तर काही नमुने 35 न्यूटनपर्यंत शेकडो वेळा ओढून सोडा. बोट एकदाच वाकत नाही, आणि एका ओढीत पहिला आलेला टाका इथं मागं पडू शकतो.

प्रश्न : पत्रा लागून घोट्यामागची मोठी नस कापली. तिथंही हाच चार पदरी टाका का?
— एक वाचक, जिंतूर

उत्तर : नाही. तिथं नळीची अडचण नाही, टेंडन जाड आहे, म्हणून 2 नंबरच्या जाड धाग्यानं दोन्ही कडांना फास अडकवत नेणारा क्रॅकॉ टाका जास्त वापरतात. 1986 मध्ये तो प्रसिद्ध झाला. असे दोन धागे घातले की तिथंही चार पदर होतात. पण चालताना त्या टेंडनवर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट ओढ येते. म्हणून पंजा खाली झुकवून प्लॅस्टर किंवा बूट देतात आणि टाच उंच ठेवायला तिच्याखाली घातलेल्या पट्ट्या काही आठवड्यांत एकेक करून काढतात. या जागेची कातडी पातळ असते. जखम चिघळली, पाणी सुटलं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता दाखवून या.