टीईटीच्या (शिक्षक पात्रता परीक्षेच्या) तयारीला लागलेल्या पोरीस

प्रिय पोरी,

डीएड झालं, आता टीईटीसाठी लातूरला क्लास लावू का, असं तू विचारलंस. गणितासाठी खुशाल लाव. भाषेला आणि बालमानसशास्त्राला मात्र तुमच्या तांड्यावरची शाळा पुरेशी आहे.

पहिल्या पेपरला 150 प्रश्न, 150 मिनिटं. त्यात बालमानसशास्त्राचे 30 आणि दोन भाषांचे 30-30. चुकलं म्हणून गुण कापत नाहीत, तेव्हा एकही गोल कोरा ठेवू नकोस. खुल्या गटाला 60 टक्के लागतात. परीक्षेच्या पद्धतीबद्दल एवढं कळलं की बास.

वाचनावरचे प्रश्न गाइड घोकून सुटत नाहीत. 'मूल अक्षरं ओळखतं, पण शब्द वाचत नाही; शिक्षकाने काय करावे?' असं विचारतात आणि चारही पर्याय बरोबरच वाटतात. म्हणून दुसरीतल्या पोरांजवळ जाऊन बस. बालभारतीचं पुस्तक उघड, वाचू दे, मध्ये टोकू नकोस. ते जसं बोलतील तसंच वहीत उतरव.

एखादं पोर 'करडई' वाचताना क, र, ड, ई असं सुटं सुटं म्हणून थांबेल. बापाच्या रानात तीच पेरलेली असते, पण घरी तिला कर्डी म्हणतात! अक्षरं येतात, जोडून शब्द हाती लागत नाही. दुसरं पोर चित्र पाहून 'विहीर'ला 'आड' म्हणेल. त्याला अर्थ लागला, अक्षरांकडे त्यानं बघितलंच नाही. शाळेच्या नोंदीत दोघांपुढे 'वाचता येत नाही' एवढंच लिहिलेलं असतं. पेपर काढणारा नेमका या दोघांतला फरक विचारतो.

तिसरं पोर घडाघडा वाचेल. 'काय वाचलंस रे?' म्हटलं की गप्प. घरी गोरमाटी, म्हणजे आपली बंजारा बोली, बोलतात, पुस्तकातली मराठी त्याला परकी. त्याला गोरमाटीतून सांगू दे, बघ कसं बोलतं. पेपरात 'घरची भाषा वर्गात बोलू देऊ नये' अशा अर्थाचा पर्याय दिसला की तो आधी खोडायचा. 2020चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही घरच्या भाषेच्याच बाजूचं आहे.

दिवाळीच्या आसपास तांडा ऊसतोडीला निघतो, मग वर्गात पोरं सापडायची नाहीत. तेव्हा हे आधी उरक, जुने पेपर नंतर सोडव. वही घेऊन एखाद्या रविवारी घरी ये. गणिताचं तेवढं मला विचारू नकोस.

तुझ्या बाई