साडेआठ लाखांचा लेझर: हप्ता बसतो, हिशेब बसत नाही

प्रश्न: मुलुंड पूर्वेला माझं दोन बेडचं फिजिओथेरपी क्लिनिक आहे. गाळा लिव्ह अँड लायसन्सवर. पेशंट मुख्यतः गुडघा, मान आणि खांदेदुखीचे, एका सिटिंगचे ६०० रुपये घेते. एक विक्रेता दुखण्यावर लावायचा १५ वॅटचा क्लास ४ लेझर ८.५ लाखांना देतोय: दीड लाख आधी, उरलेले सात लाख पाच वर्षांच्या कर्जावर, ‘फक्त ८% फ्लॅट’. वॉरंटी दोन वर्षं, पुढे किमतीच्या ५% एएमसी (देखभालीचा वार्षिक करार). प्रत्येक सिटिंगला ४०० रुपये जादा मिळतील, डेप्रिसिएशनमुळे (यंत्राच्या घसाऱ्यामुळे) करही वाचेल, असं तो म्हणतो. त्याच्याचकडे २०० मिलिवॅटचा, ८०८ नॅनोमीटर वेव्हलेंग्थचा (तरंगलांबीचा) क्लास ३बी लेझर १.८ लाखांना आहे, वॉरंटी आणि एएमसी त्याच अटींवर. पण ‘त्यात दम नाही’ म्हणे. माझ्याकडे ५ लाखांची एफडी आहे. क्लिनिक आणि घरातला माझा वाटा मिळून महिन्याला ५२,००० लागतात. काय करावं?

उत्तर: क्लास ४ घेऊ नका. ३बी घ्या, पण तोही महिनाभर वापरून पाहिल्यावर.

आधी व्याज. सात लाखांवर ८ टक्क्यांनी पाच वर्षांचे २.८० लाख होतात. एकूण ९.८० लाख, म्हणजे हप्ता १६,३३३. तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत असता आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण सात लाखांवर मोजलं जातं. घटत्या शिलकीवर हाच दर साधारण १४.१% पडतो. बँकेच्या दराशी तुलना करायची ती या आकड्याशी, आठशी नाही.

हप्त्यात शेवटच्या तीन वर्षांची एएमसी मिळवा: वर्षाला ४२,५००, पाच वर्षांत विभागून महिना २,१२५. आधी भरलेले दीड लाख साठ महिन्यांत वाटले की २,५००. बेरीज जवळपास २१,००० रुपये महिना. ४०० च्या हिशेबाने ५३ सिटिंग, म्हणजे रोज दोन. विक्रेत्याने कागदावर हेच मांडून दाखवलं असेल, आणि कागदावर ते बरोबरच आहे.

गोम अशी की या ५३ सिटिंगचे पैसे नवे यायला हवेत. आज आयएफटी (विजेच्या सौम्य प्रवाहाचा शेक) किंवा अल्ट्रासाउंड घेणाऱ्या पेशंटला तुम्ही त्याच ६०० रुपयांत लेझर दिलात, तर उत्पन्नात शून्य भर. ओपीडीतली फिजिओथेरपी बहुतेक मेडिक्लेममध्ये बसत नाही, त्यामुळे दहा सिटिंगचे जादा चार हजार पेशंटच्या खिशातून जाणार. पेन्शनवर जगणारे काका ‘आधीचंच मशीन लावा’ म्हणणारच. निम्म्यांनी जरी तसं म्हटलं आणि तुम्हाला नाही म्हणवलं नाही, तर ५३ चे १०६ होतात, रोज चारांहून जास्त. मे महिन्यात अर्धे पेशंट गावी, गणपतीत आणि दिवाळीत पुन्हा तेच. हप्ता मात्र बाराही महिने.

आता ‘दम’. ५०० मिलिवॅटपर्यंत क्लास ३बी, त्याच्या वर क्लास ४. उपचारात मोजायची असते ऊर्जा, ज्यूलमध्ये: वॅट गुणिले सेकंद. २०१९ साली ‘बीएमजे ओपन’ या वैद्यकीय नियतकालिकात गुडघ्याच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसवरच्या (सांध्याच्या झिजेवरच्या) २२ चाचण्यांचं, १,०६३ रुग्णांचं एकत्रित विश्लेषण आलं. ७८५ ते ८६० नॅनोमीटरला दर बिंदूवर ४ ते ८ ज्यूल, किंवा ९०४ नॅनोमीटरला १ ते ३ ज्यूल दिले तिथे वेदना कमी झाली. तुमच्या २०० मिलिवॅटच्या प्रोबला ६ ज्यूल द्यायला ३० सेकंद लागतात. सहा बिंदू, तीन मिनिटांत गुडघा आटोपला. १५ वॅटचं यंत्र ४ ज्यूल पाव सेकंदात ओतून मोकळं होतं, म्हणून प्रोब सतत फिरवत राहावा लागतो. एका जागी थांबला तर कातडी भाजते, सावळ्या त्वचेला आणखी लवकर. थोडक्यात, हे निष्कर्ष लो-लेव्हल, म्हणजे कमी शक्तीच्या लेझरचे आहेत, म्हणजे त्या १.८ लाखांच्या यंत्राच्या जातीचे. तुम्हाला विकला जातोय दुसराच लेझर.

उपचारांच्या मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने तर २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत ऑस्टिओआर्थ्रायटिससाठी लेझर देऊच नका, पुरावा अपुरा आहे, असं म्हटलंय. इतक्या वादातल्या उपचारावर पाच वर्षांचं कर्ज काढू नये, हे माझं मत.

कराचा मुद्दा लवकर संपतो. तुमचे सीए जर ५०% नफा गृहीत धरण्याची अनुमानित पद्धत वापरत असतील, तर डेप्रिसिएशन आणि व्याज त्या ५०% खर्चात आधीच धरलेलं असतं. वेगळी वजावट मिळत नाही. पूर्ण हिशेबवह्या ठेवत असाल तर डेप्रिसिएशन १५%, आणि त्या आर्थिक वर्षात यंत्र १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं तर त्याच्या निम्मं. शिवाय तुमची सेवा जीएसटीमुक्त आहे, म्हणून यंत्रावर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट मिळणार नाही. कोटेशनमधली किंमत जीएसटी धरून आहे का, हे लेखी घ्या.

एफडीपैकी सहा महिन्यांचा खर्च, ३.१२ लाख, हलवायचा नाही. अकरा महिन्यांच्या करारावरचा गाळा मालकाने मागितला तर नवी अनामत आणि ब्रोकर याच पैशातून भागवावे लागतील. उरतात १.८८ लाख. त्यात ३बी रोखीने बसतो. एएमसी धरून त्याचा महिन्याचा भार ३,४५० रुपये. सिटिंगला २०० जादा घेतले तरी महिन्याला १८ पुरतात.

पैसे देण्याआधी डेमो युनिट महिनाभर मागा, भाडं पडलं तरी चालेल. वहीत दोनच रकाने ठेवा: किती जणांना सुचवलं, किती जणांनी २०० जादा दिले. अठराच्या आत राहिलात तर यंत्र परत करा.

कोटेशनवर सरासरी पॉवर लिहून घ्या, पीक (क्षणभराची कमाल) नको. ९०४ नॅनोमीटरच्या पल्स्ड (थांबून-थांबून झोत सोडणाऱ्या) यंत्रावर ‘२५ वॅट’ छापलेलं असतं. पल्स २०० नॅनोसेकंदांची आणि सेकंदाला ५,००० असतील तर सरासरी निघते फक्त २५ मिलिवॅट. लेझर तयार करणारा डायोड जुना होत गेला की पॉवर उतरते आणि पडद्यावर आकडा तोच दिसत राहतो. म्हणून दरवर्षी पॉवर मीटरने तपासून कॅलिब्रेशनचा दाखला देणं एएमसीत घाला. सीडीएससीओचा (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवरच्या केंद्रीय नियामकाचा) परवाना क्रमांक मागा. तो सांगायला टाळाटाळ झाली तर बोलणं तिथेच थांबवा. गॉगल्स दोन जोड हवेत, एक तुम्हाला, एक पेशंटला, आणि त्यावर तुमच्या यंत्राचीच वेव्हलेंग्थ छापलेली असावी. दोन बेडमध्ये नुसता पडदा असेल तर शेजारच्या पेशंटसाठी तिसरा जोड घ्या, आणि भिंतीवरचा आरसा काढा, त्यावरून किरण उलटतात.