मारलंस ना, मग बघत काय उभी राहतेस?

अगं पोरी,

काल रात्री साडेअकराला तुझा मेसेज आला तेव्हा मी जागाच होतो, पण उत्तर मुद्दाम दिलं नाही. तेव्हा टाइप करत बसलो असतो तर एकतर "होईल गं सगळं नीट" असलं काहीतरी पाठवलं असतं नाहीतर रागावलो असतो, आणि दोन्हीचा तुला काही उपयोग नव्हता. आता सकाळचं खेळून आलोय, दुसरा चहा झालाय, सावकाश लिहितो.

तू म्हणतेस, बॅडमिंटनच्या बॅचमध्ये सगळ्यात जोरात स्मॅश माझा, तरी मी सगळ्यांकडून हरते. सर बॅचमध्ये तीन आठवडे शटलच मारू देत नाहीत, नुसतं हवेत पळायला लावतात. एकोणिसाव्या वर्षी सुरू केलं म्हणजे उशीरच झाला ना, सोडू का.

वयाचं आधी उरकतो. नंदू नाटेकर आपल्या सांगलीचे. आधी टेनिस खेळायचे, ज्युनियरच्या फायनलला रामनाथन कृष्णनकडून हरले आणि मग बॅडमिंटनकडे वळले. १९५६ मध्ये मलायात, म्हणजे आताच्या मलेशियात, जाऊन सेलांगोर इंटरनॅशनल स्पर्धा जिंकले, बाहेरच्या देशात बॅडमिंटनचं टायटल जिंकणारे पहिले भारतीय. तू नाटेकर होणार नाहीस, मीही झालो नाही, तो मुद्दा नाही. मुद्दा हा की वयाचं कारण तू आत्ता शोधून काढलंयस, तीन महिन्यांपूर्वी फॉर्म भरताना ते नव्हतं.

आता खरं. मंगळवारी तू त्या निळ्या नी-कॅपवाल्या काकांशी सिंगल्स खेळत होतीस तेव्हा मी बाजूच्या कोर्टवर माझ्या गेमची वाट बघत बसलो होतो. काकांनी शटल उंच उचलून मागं टाकलं, तू मागच्या डाव्या कोपऱ्यातून, ती फळी करकरते ना तिथून, जो स्मॅश मारलास तो खरंच सुंदर होता, काय आवाज आला, मी मान वळवून बघितलं. आणि तूपण बघितलंस! तिथंच तर सगळं बोंबललं. रॅकेट डाव्या कमरेपाशी, दोन्ही पाय जमिनीला चिकटलेले, तोंडावर हसू. काकांनी काही केलं नाही, नुसती रॅकेट आडवी धरली, शटल नेटच्या टेपला घासून तुझ्या बाजूला टपकन पडलं. पडताना पिसं कशी आधी वर असतात आणि मग ते कलंडतं, तेवढा वेळ होता तुझ्याकडे. तू मागच्या लाइनवरून "शिट" म्हणालीस. मग मी मोजायलाच लागलो, तू हरलेल्या अकरा पॉइंटपैकी सात असेच.

मारून बघत उभं राहू नकोस. बास, एवढंच सांगायचंय, पण एवढ्यावर तू ऐकणार नाहीस हे माहितीय म्हणून पुढचं.

सिंगल्सच्या कोर्टची आपली बाजू ६.७० मीटर लांब आणि ५.१८ मीटर रुंद, म्हणजे जेमतेम ३५ चौरस मीटर, आमच्या घरातली हॉल आणि बेडरूम मिळून तेवढी होईल. कागदावर काहीच नाही, पण मागच्या कोपऱ्यातून नेटपाशी एकदा उशिरा निघून बघ म्हणजे ते केवढं मोठं आहे ते कळतं. सर तुला हवेत पळवतात ते कोपऱ्यात जाण्यासाठी नाही गं, जायला सगळ्यांनाच येतं, शटल दिसलं की माणूस पळतोच. परत येण्यासाठी पळवतात. मारलं की बेसवर, म्हणजे कोर्टच्या मध्यात, आणि समोरचा मारायच्या क्षणी ती छोटीशी उडी, दोन्ही पाय मोकळे, मग तो कुठंही टाको. शॅडो, म्हणजे ते शटलशिवाय पळणं, करताना तू सहाही कोपऱ्यांत झकास जातेस आणि परत येताना चालतेस, जणू तो भाग सिलॅबसमध्ये नाही. आणि स्मॅशनंतर तर नुसतं मध्यात येऊन भागत नाही, दोन पावलं पुढंच यायचं, कारण उत्तर बहुतेक आखूडच, नेटपाशीच येणार. (रॅकेट तू तव्याचा दांडा धरल्यासारखी धरतेस, तेही एकदा सरांना विचार, पण ते सुटेल, मला त्याची काळजी नाही.)

तू मला सात्विक रंकीरेड्डीचा ताशी ५६५ किलोमीटरच्या स्मॅशचा व्हिडिओ पाठवला होतास. बघितला. तो मॅचमधला नाही, रेकॉर्डसाठी मुद्दाम मोजायला मारलेला आहे. त्यापेक्षा त्याची मॅच बघ आणि त्याच्याकडे बघूच नकोस, पुढं त्याचा डबल्सचा जोडीदार चिराग शेट्टी काय करतो ते बघ. मागून स्मॅश सुटायच्या आत आपला मुंबईचा पोरगा नेटवर रॅकेट वर करून तयार असतो. मागच्याचा स्मॅश कसा बसला हे बघायला तो मान वळवत नाही.

आता माझं ऐक. १९९१ साली, मी बावीस वर्षांचा, जिल्ह्याची स्पर्धा, सेमीफायनल, तिसरा गेम, मी १४-११ वर आणि सर्व्हिस माझी. तेव्हा १५ चा गेम असायचा आणि आपल्या सर्व्हिसवरच पॉइंट मिळायचा. समोरच्यानं आखूड शटल उचललं, मी उडी मारून फोरहँडच्या लाइनवर असा स्मॅश ठेवला की शटल पडायच्या आधीच गॅलरीत टाळ्या सुरू झाल्या. मी टाळ्या ऐकल्या. खरं सांगतो, वर बघितलं. त्या पोरानं लोळत रॅकेट लावली होती, शटल नेटवरून अलीकडं आलं आणि मी तिथं नव्हतो. एक सर्व्हिस गेली, पॉइंट नाही गेला, आता २००६ पासून तर प्रत्येक रॅलीला पॉइंट जातो, तेव्हा तेवढी सवलत होती. पण माझं डोकं त्या टाळ्यांपाशीच राहिलं. १४-१४ झाले. सेटिंग घ्यायचं, म्हणजे गेम आणखी तीन पॉइंटांवर न्यायचा, का नाही हे मी ठरवायचं होतं, सरळ एका पॉइंटवर संपवता आलं असतं, मी रुबाबात सेटिंग घेतलं आणि १७-१४ नं हरलो.

त्यानंतर सहा महिन्यांत बँकेची नोकरी लागली, बदली दुसऱ्या गावाला, तिथं हॉल नव्हता, आईचं दुखणं निघालं, मग लग्न, आणि खांदा तर तेव्हापासूनच कुरकुरत होता. मी काही खेळ सोडला नाही, तो सुटला, सोडणं आणि सुटणं यात फरक असतो. असं मी अकरा वर्षं सांगत होतो. हॉल होता. बँकेपासून सायकलवर वीस मिनिटं. लग्न असलं की तो बंद, पण लग्नं काय रोज असतात? प्रकाश पदुकोण बंगळूरला कॅनरा युनियनच्या हॉलमध्ये शिकले, तोही लग्नाला द्यायचे, लग्न आटपलं की पुन्हा प्रॅक्टिस. १९८० मध्ये ते ऑल इंग्लंड स्पर्धा जिंकले तेव्हा मी सहावीत होतो. समोर लिम स्वी किंग, आधीची दोन वर्षं लागोपाठ चॅम्पियन, उडी मारून स्मॅश मारण्यात त्याच्यासारखा कुणी नाही. पदुकोणांनी त्याला १५-३, १५-१० हरवलं. त्याच्याहून जोरात मारून नाही, हाफ स्मॅश (कमी जोराचा), नेट, मागं, पुढं, आणि स्वतः कायम जागेवर. आमच्या वडिलांनी पेपरमधला फोटो कापून कपाटाला आतून चिकटवला होता. मी तो रोज बघायचो आणि कोर्टवर जाऊन किंगसारखा खेळायचो.

हे सगळं मी एकदा माझ्या मुलालाही सांगितलं होतं. म्हणजे सांगितलं नाही, ओरडलो. तो बारा वर्षांचा होता, दर शॉटला मी बाहेरून "परत ये! परत ये!" करायचो, लोक बघायचे. एक दिवस तो परत आला तो थेट बाकापाशी, बॅग उचलली आणि घरी गेला, त्यानंतर आजतागायत रॅकेटला हात नाही. आता पुण्यात असतो, चांगलं चाललंय त्याचं. आमची ही म्हणते, तुमच्यामुळं सोडलं त्यानं. असेल. पण मी सांगत होतो ते चूक नव्हतं, पद्धत चुकली असेल, बारा वर्षांच्या पोराला कळेल असं सांगता आलं नसेल, पण गोष्ट खरीच होती ना? का मी अजून त्या स्मॅशकडंच बघत उभा आहे, तूच सांग. नको, राहू दे, सांगू नकोस.

तुला पत्र लिहितोय ते म्हणूनच, हॉलमध्ये तोंडावर बोललो असतो तर आवाज चढला असता.

सोडू का म्हणून मला विचारू नकोस, मी हो म्हणणार नाही हे माहीत असूनच विचारलंयस. आणि सरांवर चिडायचं बंद कर. तीन आठवडे शटल दिलं नाही याचा अर्थ त्यांनी तुझा स्मॅश बघितलाय आणि त्यांना तो वाया घालवायचा नाही. निळ्या नी-कॅपवाल्या काकांना म्हातारे म्हणून सोडून देऊ नकोस, त्यांना पळता येत नाही म्हणून ते जागेवर असतात, तुला पळता येतं म्हणून तू नसतेस.

रविवारी हॉल बंद आहे, कराटेवाल्यांची स्पर्धा आहे म्हणे, मॅट टाकून फ्लोअरची वाट लावतील. सोमवारी सहाला ये, बॅचच्या आधी अर्धा तास. नवीन शटल आणू नकोस, माझ्याकडं पिसं मोडलेल्यांचे तीन डबे आहेत. मी नेटजवळ उभा राहतो, तू मागून स्मॅश मार, मी प्रत्येक वेळी आखूड टाकणार. शटल उचललंस की नाही ते मी मोजणार नाही, निघालीस कधी ते मोजणार आहे. मी ओरडलो तर खुशाल ओरडून सांग, काका, गप्प बसा.

आणि बुटांची लेस डबल गाठ मार, मंगळवारी दोनदा सुटली होती.

तुझा,
बाजूच्या कोर्टवरचा काका